आधी बूट दाखवा

माझी आत्या माणसं पायांकडून ओळखायची. बाजारात कोणी थांबून "काय, कशा आहात?" असं विचारलं की तिची नजर आधी खाली जायची, बुटांवर टेकायची, मग हळूहळू वर सरकायची. चेहऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर तिला सगळं आठवलेलं असायचं. "हां, तुम्ही ते कॅमेरावाले. तिपाईच्या टोकांना गवत चिकटवून आणलं होतंत." समोरचा बिचारा भाजीची पिशवी सावरत ओशाळायचा आणि मी शेजारी उभी राहून दुसरीकडे कुठे तरी बघायचे.

त्यात तिचा दोष नव्हता, तिचं कामच तसं होतं. आमच्या किनाऱ्यासमोर एक छोटंसं बेट आहे. त्याच्यावर हॉटेल नाही, दुकान नाही, राहायची सोय नाही. सगळ्या बेटाला वळसा घालणारी एक पायवाट आहे, एका अंगाला वाळू आणि दुसऱ्या अंगाला खडक. ओहोटीच्या वेळी खडकांमध्ये पाण्याची डबकी राहतात, त्यांत बोटाएवढे मासे आणि भित्रे खेकडे दिसतात. मधल्या उंचवट्यावर पक्षी बघायला एक लाकडी मचाण आहे. लोक सकाळच्या बोटीने जातात, चालतात, पोहतात, गवतावर आडवे होऊन आकाशाकडे बघत बसतात आणि संध्याकाळच्या बोटीने नाकं लाल करून परत येतात.

या बेटावर समुद्रावरचे पांढरे पक्षी अंडी घालतात, तीही उघड्या वाळूत. घरटं बांधायची तसदीसुद्धा घेत नाहीत. पायाने जरा खळगा केला, त्यात अंडं ठेवलं, झालं. आत्या म्हणायची, "मेले आळशी आहेत, पण त्यांच्या आळसाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते."

काळजी घ्यायची वेळ आली ती एका गवतामुळे. कुणाच्या तरी पायजम्याला किंवा मोज्याला चिकटून त्या गवताचं कुसळ बेटावर गेलं आणि तिथे त्याने असा काही संसार थाटला की पाहता पाहता अर्धी वाळू गवताखाली गेली. पक्ष्यांना मोकळी वाळू लागते. ते आले, घिरट्या घातल्या आणि निघून गेले. मग मजूर लावून वर्षानुवर्षं ते गवत उपटलं, तेव्हा कुठे पक्षी परतले. त्यानंतर नियम झाला: बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाने धक्क्याच्या तोंडाशी असलेल्या खोलीत थांबायचं, आणि बूट, मोजे, पिशव्या, पँटच्या दुमडी सगळं तपासून घ्यायचं. त्या खोलीसाठी नजर तीक्ष्ण आणि कातडी जाड असलेलं माणूस हवं होतं. दोन्ही गोष्टी आत्याकडे भरपूर होत्या.

नोकरीचं तिला सुचवलं माझ्या बाबांनीच. बाबा तिचे धाकटे भाऊ. माझे काका, म्हणजे आत्याचे यजमान, अचानक गेले आणि ती एकटी पडली, तेव्हा बाबा तिला आमच्याकडे घेऊन आले. "वर आमच्यातच राहा," ते म्हणाले. ती म्हणाली, "खालची खोली दे. दार वेगळं हवं. जेवायला वर येईन." शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती काम करायची. दिवसभर कपड्यांवरचे दोरे चिमट्याने वेचून तिचे डोळे असे तयार झाले होते की आमच्या पुलावात पडलेला केस तिला दारातून दिसायचा. बाबा म्हणाले, "ताई, दोरे वेचतेसच, आता कुसळं वेच. शिवाय समुद्राची हवा मिळेल." पुढे या सल्ल्याचा बाबांना किती पश्चात्ताप झाला ते सांगतेच.

ती खोली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. एक लांब बाक, त्याच्यासमोर आत्याचं स्टूल. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले ब्रश: बुटांचा वेगळा, पिशव्यांचा वेगळा, बाबागाडीच्या चाकांचा वेगळा. टेबलावर चिमटा, भिंग, आणि घट्ट झाकणाचा एक बिस्किटांचा डबा. जे काही सापडेल ते डब्यात जायचं आणि आठवड्याच्या शेवटी ती ते स्वतः जाळायची. सापडलेलं कुसळ खिडकीतून फेकायचं नाही, वाऱ्याने उडेल. धक्क्यावरून समुद्रात टाकायचं नाही, लाटेबरोबर बेटालाच जाऊन लागेल. ते डब्यातच टाकायचं आणि झाकण दाबून लावायचं. हे ती इतक्यांदा सांगायची की मला ते पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

दारातच ती म्हणायची, "आधी बूट दाखवा." लहान-मोठा, श्रीमंत-गरीब, सगळ्यांना एकच वाक्य. नव्या नवरीने उंच टाचांचे सँडल पुढे केले की "हे घालून वाळूत चालणार?" असं विचारून ती हसायची, पण टाचेचं टोकही सोडायची नाही. एका चिमुरडीचं कापडी अस्वल तिने इतकं कसून तपासलं की शेवटी ती पोर म्हणाली, "आजी, त्याला गुदगुल्या होतात." आत्याने अस्वलाची रीतसर माफी मागितली आणि मग त्याच्या काखेतून एक काटेरी बी काढून दाखवलं.

सवय घरातही आली. आम्ही बाहेरून आलो की जिन्याखालचं तिचं दार उघडायचं. "थांब. पाय वर कर." माझ्या मैत्रिणींना वाटायचं, आमच्याकडे फार सोवळं असावं. आई कुरकुरायची, "वन्सं, आपलं घर म्हणजे बेट नाही हो." आत्या म्हणायची, "नाही तर नाही. पण जिना मी झाडते." यावर आई चप्पल उचलून तळ दाखवायची.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती मला बेटावर न्यायची. अर्थात आधी माझीही तपासणी व्हायची. एकदा बेटावर पाय ठेवला की ती वेगळीच बाई व्हायची. चप्पल हातात घेऊन वाळूतून चालायची, डबक्याशी बसून खेकड्यांशी बोलायची. मचाणावर चढलं की माझ्या डोक्यावर हात ठेवून डोकं हव्या त्या दिशेला फिरवायची. "तो बघ. नाही, तो नाही, त्याच्या मागचा. त्याला पिल्लं झालीत, आणि वेंधळ्याला माहीतच नाही कुठे ठेवलीत." मला त्या पक्ष्यांपेक्षा तिचं बघणं बघायला आवडायचं. घरात इतकी करडी असलेली बाई तिथे गालात हसत असायची. मला ती फार आवडते, हे मला त्या मचाणावर कळलं.

आता बाबांची गोष्ट.

बाबा ऑफिसात वरच्या जागेवर गेले आणि त्या आनंदात त्यांनी सगळ्या ऑफिसची बेटावर सहल ठरवली. "माझी बहीणच आहे तिथे," हे ते महिनाभर सांगत होते, जणू बेट आत्याच्या नावावर आहे. त्या सकाळी ऑफिसची मंडळी पुढे गेली. सगळ्यांच्या जेवणाची मोठी पिशवी घेऊन बाबा मागून निघाले, आणि उशीर होतोय म्हणून धक्क्याच्या अलीकडच्या मोकळ्या रानातून आडवाटेने आले. ते रान म्हणजे त्या गवताचं माहेर. खोलीत पोहोचले तेव्हा मोज्यांवर, लेसमध्ये, बुटाच्या जिभेखाली, पँटच्या दुमडीत, सगळीकडे कुसळंच कुसळं होती.

आत्याने एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही बाकावर बसा."

बाबांना ती जन्मात कधी तुम्ही म्हणाली नव्हती. साहेब, बाई, पोरं, सगळ्यांना त्या खोलीत ती तुम्ही म्हणायची, म्हणून भावालाही म्हणाली. बाबा बसले. ती चिमट्याने एकेक कुसळ काढू लागली. ऑफिसचे लोक बोटीत बसून वाट बघत होते, हाका मारत होते, हसत होते.

बेट आणि किनारा यांच्यामध्ये वाळूचा एक दांडा आहे. भरतीचं पाणी असेपर्यंत बोट त्याच्यावरून सरळ जाते. पाणी उतरलं की बाहेरून, उघड्या समुद्रातून मोठा वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशात भल्याभल्यांची पोटं ढवळतात. म्हणून बोटवाले काका कोणासाठी थांबत नसत. अगदीच गरज असली तर आत्याने सांगितल्यावर थांबले असते, कारण धक्क्यावर शब्द तिचा चालायचा. बोटवाल्यांनी खोलीच्या दारातून डोकं आत घालून विचारलंही, "बाई, पाणी उतरतंय. काय करू?" आत्या बुटावरची नजर न काढता म्हणाली, "सोडा."

बोट गेली. सगळ्या ऑफिसचं जेवण घेऊन माझे बाबा धक्क्यावर राहिले, पायांत फक्त मोजे. दिवसाला बोट एकच. दुपारी आत्या त्यांच्यासाठी थर्मासमधून कपात चहा घेऊन गेली. बाबांनी तो दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर ठेवला आणि समुद्राकडे बघत बसले. कप तसाच गार झाला. संध्याकाळी उपाशी ऑफिस परत आलं आणि पुढे कित्येक वर्षं ऑफिसात बाबांना "धक्क्यावरचे साहेब" म्हणत होते.

"तुझ्या त्या बेटावर मी पाय ठेवणार नाही," बाबा त्या रात्री जेवताना म्हणाले. आत्या म्हणाली, "बरं." आणि वाढलेलं जेवू लागली.

तुम्हाला वाटेल, बोलणं बंद झालं असेल. अजिबात नाही. दोघं रोज एका टेबलावर जेवत होती, मुळ्याच्या कोशिंबिरीत मीठ कमी की जास्त यावर भांडत होती, आजारपणात एकमेकांच्या उशाशी बसत होती. फक्त बेटाचा विषय निघाला की बाबा वर्तमानपत्र उघडायचे. संध्याकाळच्या बोटीने परतलेल्यांकडून कळलेल्या बेटावरच्या बातम्या आत्या आईला सांगायची आणि बाबा पेपराआड बसायचे. पण पान उलटायचं नाही. हे माझ्या आणि आईच्या केव्हाच ध्यानात आलं होतं.

एका वर्षी एका पिल्लाचा पाय अधू होता. ते मचाणाच्या खालच्या मोठ्या दगडाला टेकून राहायचं. आत्या रोज त्याची हकीकत सांगायची. मधे दोन दिवस ती तापाने खालीच झोपून होती. तिसऱ्या दिवशी जेवताना पेपराआडून आवाज आला, "विचार तिला, उडालं का ते." आई म्हणाली, "वन्सं, उडालं का?" आत्या म्हणाली, "सांग त्याला, अजून नाही. पण पंख फडफडवतंय." दोघांच्या मधे हातभर टेबल होतं, आणि निरोप माझ्या आईमार्फत जात होते. पिल्लू उडालं त्या दिवशी बाबांनी काहीही कारण नसताना आइस्क्रीम आणलं.

मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना विचारलंच. "बाबा, कुसळं होती म्हणून काढली तिने. त्यात एवढं काय?"

ते म्हणाले, "कुसळं काढली त्याचं काही नाही गं. तिचं कामच ते. पण बोट थांबवा, एवढं म्हणाली असती. एक शब्द. माझा भाऊ आहे, एवढं म्हणाली असती."

मी ते तसंच्या तसं खाली जाऊन आत्याला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. "कुणासाठीच थांबवत नाही मी," ती म्हणाली. "भावासाठी थांबवली असती तर दुसऱ्या दिवसापासून कोणत्या तोंडाने लोकांना बाकावर बसवलं असतं?" मग दोरा पुन्हा पुन्हा चुकायला लागला तेव्हा सुई माझ्या हातात देऊन म्हणाली, "पण एकदा बघायला हवं होतं त्याने. इतकं सुंदर आहे रे ते." रे म्हणाली ती. मी समोर होते, पण ती माझ्याशी बोलतच नव्हती.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. स्टुलावरून उठताना ती टेबल धरायची, खाली वाकताना डोळे मिटायची. बोटीचा हंगाम संपला की काम सोडायचं असं ठरलं. पुढच्या हंगामात त्या स्टुलावर दुसरं कोणी असणार होतं आणि तिला पुन्हा बेटावर जाणं झेपेल की नाही, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी जेवताना तिने आईला सांगितलं, "उद्या मीही जाणार आहे बोटीने. एकदा फिरून येते. कोणाला यायचं असेल तर यावं." कोणाला, हे म्हणताना ती कोशिंबिरीकडे बघत होती. बाबांनी पेपर उघडला. मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

सकाळी मला खराखरा आवाजाने जाग आली. न्हाणीघरात बाबा पाटावर बसून जुन्या टूथब्रशने बूट घासत होते. तळ घासून झाला होता, लेस साबणाच्या पाण्यात भिजत होत्या, आणि ते बुटाच्या जिभेखाली काडीने कोरत होते. आई दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. "लग्नाला इतकी वर्षं झाली, एक कप कधी विसळला नाही यांनी," ती मला म्हणाली. बाबांनी लक्ष दिलं नाही. पँटच्या दुमडी त्यांनी उलगडून इस्त्री केली. आईला बोट लागते, त्यामुळे ती घरीच राहिली. मी आणि बाबा निघालो, आणि या खेपेला बाबा डांबरी रस्त्याने, मधोमध चालत धक्क्यावर गेले.

खोलीत रांग होती. दुर्बीणवालं एक जोडपं, पोहणाऱ्यांचा एक घोळका, तीन पोरांना आवरणारे आईबाप. बाबा सगळ्यांच्या शेवटी, माझ्या मागे उभे राहिले. आत्याने त्यांना पाहिलं. तिचा हात क्षणभर ब्रशवरच राहिला, मग पुन्हा चालू लागला. माझ्या पिशवीच्या तळातून तिने बिस्किटाचा चुरा काढला आणि "शिकलीस सवरलीस, काही उपयोग नाही," असं म्हणून मला सोडलं.

"आधी बूट दाखवा," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी बूट काढून पुढे केले. तिने भिंग लावलं. तळ पाहिला, शिवण पाहिली, जीभ उचलून पाहिली, लेस ओढून पाहिल्या. मोजे उलटे करायला लावले. इतकं तिने दुसऱ्या कुणालाही तपासलं नव्हतं, आणि बाबा शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले होते. काहीच सापडलं नाही.

"साफ आहे," आत्या म्हणाली. तिला आनंद झाला की चुटपुट लागली ते कळेना. "जा तुम्ही, बसा बोटीत."

"आणि तुमचं?" बाबा म्हणाले.

"माझं काय?"

"तुम्हीही बेटावर चाललात ना? नियम सगळ्यांना."

"मी रोज सकाळी माझं मी बघते."

"गुडघे वाकत नाहीत तुझे. तळ कसा दिसतो तुला?" बाबांनी भिंतीवरचा बुटांचा ब्रश काढला. "ताई, बस बाकावर."

आणि माझी आत्या, जिने अख्ख्या गावाला त्या बाकावर बसवलं, ती बसली. बाबा तिच्या स्टुलावर न बसता खाली फरशीवरच बसले. तिचा एक पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि ब्रश फिरवू लागले. मी दारात उभी होते. समुद्राकडे बघतेय असं दाखवत मी त्या दोघांकडेच बघत होते.

दुसऱ्या बुटाशी बाबांचा हात थांबला. तळ आणि वरचं कापड जिथे शिवलेलं असतं त्या खाचेत त्यांनी नख घातलं आणि काही तरी ओढून काढलं. मला स्पष्ट दिसलं, ते कुसळ होतं. आत्या खिडकीबाहेर बोटीकडे बघत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी किंचित मान हलवली आणि मूठ मिटली.

"साफ आहे," ते म्हणाले. "चकचकीत."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

बोटीचा भोंगा झाला. आत्याने खोलीला कुलूप लावलं, थर्मास काखोटीला मारला आणि धक्क्यावरून चालू लागली. बाबा तिच्या मागे, मूठ मिटलेली. मी मनात म्हणत होते, टाका ते कुठे तरी. पण कुठे टाकणार? पाण्यात टाकायचं नाही, वाऱ्यावर सोडायचं नाही, खिशात घालून बेटावर न्यायचं नाही. आत्याचे नियम त्यांना माझ्याइतकेच पाठ होते. इतकी वर्षं पेपराआडून त्यांनी दुसरं ऐकलंच काय होतं?

आत्याला हात देऊन बोटीत चढवलं, मीही चढले. बाबा फळीशी थांबले.

"ताई, चावी दे. माझा चष्मा राहिला आत."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

आत्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. चावी काढून दिली. बाबा वळून धक्क्यावरून परत निघाले. धक्का लांब आहे आणि बाबा आता काही तरुण राहिलेले नाहीत. ते भरभर चालायचा प्रयत्न करत होते, आणि मागून बघताना ते भरभर चालणं अगदीच केविलवाणं दिसत होतं.

बोटवाल्यांनी इंजिन सुरू केलं होतं. त्यांनी वाकून पाणी पाहिलं. "बाई, पाणी उतरतंय. दांड्यावरून जायचं तर आत्ताच निघायला हवं." सवयीने त्यांचा हात दोराकडे गेलाही. त्यांना उत्तर ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ते बदललं नव्हतं.

आत्या थर्मास मांडीवर धरून बसली होती. बाबा खोलीच्या दाराशी पोहोचले होते, कुलपाशी झटत होते. पोहणाऱ्यांपैकी कोणी तरी घड्याळात पाहिलं.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "माझा भाऊ यायचाय."

बोटवाल्यांचा हात दोरावरच राहिला. आपण बरोबर ऐकलं का, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बाहेरून वळसा पडेल, बाई."

"पडू दे," आत्या म्हणाली. आणि मग बोटीतल्या सगळ्यांकडे वळून, त्या खोलीतल्या आवाजात, "माफ करा हं. आज जरा पोटं ढवळतील तुमची."

इंजिन बंद झालं. तेवढ्या शांततेत खोलीतून डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकू आला का, हे मला सांगता येणार नाही. मला तो ऐकू आला असं मी धरून चालते. बाबा धापा टाकत आले, बोट अजून तिथेच आहे हे बघून फळीवर अडखळले, आणि आत्याच्या शेजारी बसले. डोळे पुसायला रुमाल मिळेना म्हणून मी ओढणी वापरली.

वळशात पोटं खरंच ढवळली. सगळ्यांत जास्त बाबांचं. आत्या त्यांची पाठ चोळत होती आणि "लांब बघ, लांब, पाण्याकडे नको," असं लहानपणी म्हणत असेल तशी म्हणत होती.

बेटावर उतरल्यावर मात्र त्यांचा रंग पालटला. ते पुढे झाले आणि आम्हालाच वाट दाखवू लागले. "आता डावीकडे डबकी लागतील. पुढे वाळू बारीक होते, तिथे चपला काढायच्या. हा काय तो मोठा दगड?" मचाणाखालच्या त्या दगडाला त्यांनी हात लावला, जिथे ते अधू पिल्लू टेकून बसायचं. बेटाची इंच न् इंच माहिती असलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे आलेला माणूस बघायचा असेल तर तो माझा बाप. आत्या मागून लंगडत येत होती. ती काहीच दाखवत नव्हती, कारण त्यांनी तिच्यासाठी दाखवायचं काही ठेवलंच नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती गालात हसत होती.

दुपारी दोघं एका डबक्याच्या काठाशी, पाण्यात पाय सोडून बसली. मी जरा मागे, खडकाला टेकून. वर पांढरे पक्षी कलकलाट करत होते आणि उतारावरून वाळूचा मोकळा पट्टा पार खालपर्यंत गेला होता. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"किती होती?" आत्याने विचारलं.

"काय?"

"माझ्या बुटात."

बाबांनी पाण्यात पाय हलवले. "एकच होतं, ताई."

मला भीती वाटली, आता हिचा सगळा दिवस त्या एका कुसळात जाणार. रोज सकाळी मी माझं बघते म्हणणारी बाई ती. पण तिने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डब्यात टाकलंस?"

"टाकलं."

"झाकण दाबून लावलंस?"

"दाबून लावलं."

तिने मान डोलावली. थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि त्यांच्यापुढे धरला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार झालाय गं."

"इतक्या वर्षांनी हातात घेतलास," आत्या म्हणाली. "गार होणारच."

बाबांनी तो सगळा प्यायला.